दिसलेला डोंगर, पाहिलेला डोंगर

ट्रिपवरून परत आलो की आई एकच प्रश्न विचारते, "काय काय बघितलं रं?" उत्तर म्हणून मी मोबाइल तिच्या हातात देतो.

यंदाच्या जानेवारीत आम्ही पाटोद्याचे नऊ जण राधानगरी-दाजीपूरला जाऊन आलो. दहावीपर्यंत एका वर्गात होतो. आता कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी अजून स्पर्धा परीक्षेच्या मागं आहे, दोघं गावाकडंच आहेत. एकाचं मेडिकलचं दुकान, दुसऱ्याची शेती. वर्षभर ग्रुपवर नुसतं 'जाऊ, जाऊ' चाललं होतं. शेवटी एकानं टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली, दुसऱ्यानं पैसे गोळा केले, आणि शुक्रवारी रात्री आम्ही निघालो. सोमवारी पहाटे परत. तेवढ्या वेळात माझ्या एकट्याच्या मोबाइलमध्ये दोनशेच्या वर फोटो जमले.

आई अंगठ्यानं एकेक फोटो सरकवत होती. तलाव. तलावापुढं आम्ही. जंगलातली तांबडी वाट. वाटेवर आम्ही. धुकं. सूर्यास्त. प्रत्येक फोटोला "छान हाय" म्हणत ती पुढं जात होती. मग एका फोटोवर तिचा अंगठा थांबला. तो फोटो खरं तर डिलीट करायचा राहून गेला होता. चालत्या गाडीच्या खिडकीतून काढलेला, हललेला. पुढं उसाचा फड आणि मागं डोंगराची निळसर रेघ.

"ह्यो डोंगर मला ठावा हाय," आई म्हणाली. "इथं आमी चार हंगाम तोडलाय."

आई-आण्णा कोल्हापूरकडं तोडीला जायचे, हे मला माहीत होतं. लहानपणी मीही दोन हंगाम त्यांच्याबरोबर होतो. पण ती भोगावतीकाठची गावं आणि आम्ही बुकिंग करून पाहायला गेलेली जागा एकमेकांना इतकी लागून आहेत, हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. मी विचारलं, "मग तलाव बघितलाच असशील की?"

"वर तळं हाय म्हणायची लोकं," ती म्हणाली. "आमी कशाला जातोय तिकडं?"

चार हंगाम म्हणजे जवळपास दोन वर्षं. तेवढे दिवस ती त्या डोंगराच्या पायथ्याशी राहिली. मी तिथं एक रात्र राहिलो. आणि तो डोंगर 'पाहिला' कुणी, असं कुणी विचारलं तर उत्तर माझ्या नावानं जाणार, कारण फोटो माझ्याकडं आहेत. हे मला खटकलं. का खटकलं, ते शोधायचा प्रयत्न या लेखात केला आहे.

*

आधी ट्रिपबद्दल सांगतो.

पाटोद्याहून जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग राधानगरी. चारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. याच रस्त्यानं दिवाळीच्या आगंमागं आमच्या भागातले ट्रक जातात. ट्रकमध्ये माणसं, भांडी, गोधड्या, पत्रे, शेळ्या, कोंबड्या, लेकरं. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसं अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आम्ही पुशबॅक सीटवर बसून, ब्लूटूथवर गाणी लावून गेलो.

राधानगरीत पोचलो तेव्हा तलावावर धुकं होतं. बालाघाटातल्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नसते. आमच्याकडं डोंगर आहेत, पण ते उघडे, बोडके, पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवे. इथं डोंगर पार वरपर्यंत झाडांनी भरलेला आणि खाली पाणीच पाणी. आमच्यातला सगळ्यात बडबड्यासुद्धा पाच मिनिटं गप्प उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीपूरच्या जंगलात जीप सफारी. १९५८मध्ये हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. १९८५मध्ये हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात हेही आहे. गाइडनं अंजन दाखवला, हिरडा दाखवला, उंच फांदीवर पळणारं शेकरू दाखवलं. सड्यावरून कोकणाच्या बाजूचा उतार दाखवला. गवा मात्र दिसला नाही. खुरांचे ताजे ठसे दिसले, शेण दिसलं, मोडलेली कारवी दिसली. जीपमधून उतरताना एक जण म्हणालाच, "पैसे वाया गेले भाऊ." आणि सगळे हसले.

खरी गोष्ट घडली ती परतीच्या वाटेवर. धरणाच्या खालच्या अंगाला एका फडाच्या कडेला कोप्या होत्या, पंधरा-वीस. संध्याकाळची वेळ. चुली पेटलेल्या, धूर वर चढत होता, मागं सूर्य बुडत होता. दृश्य सुंदरच होतं, यात वाद नाही. चहासाठी गाडी थांबली होती. आमच्यातल्या एकानं मोबाइल काढला आणि रील शूट करायला लागला. कोप्या, धूर, धुळीत खेळणारी पोरं. एक बाई भाकरी थापत होती. कॅमेरा तिच्याकडं वळला तशी तिनं पदर तोंडावर ओढला आणि पाठ केली.

आमचे ड्रायव्हर मामा तंबाखू मळत तिकडं गेले आणि त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "गाव कुठलं, पाव्हणं?" म्हाताऱ्यानं गाव सांगितलं. आमच्या शेजारच्या तालुक्यातलं.

रील काढणाऱ्या मित्राच्या घरातलं कुणी कधी तोडीला गेलेलं नाही. त्यात त्याचा काही दोष नाही, आणि त्याच्या मनात वाईटही काही नव्हतं. दोष असला तर माझा होता. त्या कोपीच्या आत काय असतं ते मला माहीत होतं. जमीन रात्री किती गार पडते, पाचटाचा वास कसा येतो, पहाटे आई उठून गेली की जागा कशी रिकामी वाटते. मी काही बोललो नाही. गॉगल लावून चहा पीत उभा राहिलो. त्या पाठ केलेल्या बाईच्या जागी पंधरा वर्षांपूर्वी माझी आई असू शकली असती, आणि मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो.

*

मराठीत दोन क्रियापदं आहेत. 'दिसणं' आणि 'पाहणं'. 'मला डोंगर दिसतो' यात मी काहीच करत नाही. डोंगर समोर आहे, डोळे उघडे आहेत, झालं. 'मी डोंगर पाहतो' यात मी काहीतरी करतो. थांबतो, वेळ देतो, मन देतो. आईला चार हंगाम डोंगर दिसत होता. पाहायला थांबायचं तर कोयता थांबवावा लागला असता.

ऊसतोडीचा हिशोब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि टनावारी काम करून ती फेडायची. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस गेलं नाही तर 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. या हिशोबात रविवार नावाचा वार नसतो.

कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्याला साप्ताहिक सुटी असते. ज्याच्या तोडलेल्या उसावर तो कारखाना चालतो, त्या फाटकाबाहेरच्या माणसाला ती नसते.

आणि तलावाचं काय? राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, १९०९च्या सुमारास. गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. पैशाअभावी काम मध्येच थांबलं, महाराज १९२२मध्ये गेले, आणि धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. पाणी एका पातळीच्या वर गेलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. पावसाळ्यात त्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. शेतकऱ्याला बारमाही पाणी मिळावं, ही त्यामागची दृष्टी होती. ते पाणी मिळालं. भोगावतीचं खोरं हिरवं झालं, ऊस आला, कारखाने आले. ऊस तोडायला माणसं लागली, ती जिथं पाणी नाही तिथून आली. मांजरा नदी आमच्याच बालाघाटात उगम पावते, पण उगमाजवळच्या गावांना ती पावसाळा सरला की फारशी भेटत नाही. तेव्हा आम्ही ज्या तलावापुढं उभं राहून फोटो काढले, त्या पाण्याचा आणि आईच्या कोयत्याचा सरळ संबंध आहे. पाणी आईपर्यंत उसाच्या रूपात पोचलं. आई मात्र पाण्यापर्यंत पोचली नाही.

*

सौंदर्य बघायला काय लागतं, याचा विचार करणाऱ्या माणसांत इमॅन्युएल कांट हे मोठं नाव आहे. १७९०च्या आपल्या ग्रंथात त्यानं सांगितलं, की सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो. समोरच्या वस्तूकडून मला काही हवं असेल, तर मी तिचं सौंदर्य बघत नसतो, उपयोग बघत असतो. भुकेल्या माणसाला भाकरी सुंदर दिसते ते सौंदर्य नव्हे. आणि अफाट, भयंकर गोष्टी, म्हणजे वादळ, कडे, उसळता समुद्र, यांचा आनंद घ्यायचा तर आपण स्वतः सुरक्षित जागी हवं.

त्याच ग्रंथात कांट एक किस्सा देतो. सोस्यूर नावाचा जिनिव्हाचा एक शास्त्रज्ञ आल्प्सच्या बर्फाळ पहाडांवर फिरायचा. त्यानं लिहून ठेवलेला हा किस्सा आहे. तिथला एक साधा, शहाणा शेतकरी म्हणायचा, की या बर्फाच्या डोंगरांवर भाळणारे लोक सरळ सरळ वेडे आहेत. कांटच्या मते त्या शेतकऱ्याचं फार चूक नव्हतं. पण भव्यता अनुभवायला मनाची जी तयारी लागते, ती त्याच्याकडं नव्हती.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं. आई तलावावर गेली नाही याचं कारणही यात सापडतं. ती गरजेत होती, आम्ही निवांत होतो. म्हणून आम्ही पाहिलं, तिला दिसलं.

पण दोन गोष्टी अडतात. पहिली अशी, की कांट स्वतः कधी आल्प्समध्ये गेला नाही. आयुष्य त्यानं आपल्या गावात आणि आसपास काढलं. डोंगराबद्दल त्यानं सांगितलं ते पुस्तकं वाचून. आणि सोस्यूर १७८७मध्ये माँ ब्लाँवर चढला तो तिथल्याच वाटाड्यांच्या पाठोपाठ. त्याच्या आदल्या वर्षी त्या शिखरावर पहिल्यांदा पाय ठेवणारे दोघं त्याच खोऱ्यातले होते. त्यांतला एक गावचा डॉक्टर, दुसरा डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा. बक्षीस लागलं होतं हे खरं, पण त्या खोऱ्यातल्या लोकांना डोंगर कळत नव्हता असं म्हणणं अवघड आहे. शेतकऱ्याचं एक वाक्य ग्रंथात आलं. संध्याकाळी काम संपल्यावर तो वर बघत बसत होता की नाही, ते कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मला आईनंच सांगितली.

*

त्याच रात्री, फोटो बघून झाल्यावर, तिनं विचारलं, "गवा दिसला का मग?"

"नाही दिसला."

"मला दिसला व्हता."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. शेवटच्या हंगामातली गोष्ट. पहाटे तीन-चारची वेळ, गाडी भरायची म्हणून ती आणि आण्णा लवकर फडात गेलेले. माझी बहीण तान्ही होती, तिला बांधावर वाढ्यांच्या ढिगाआड झोपवलं होतं. फडात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. आईला वाटलं रानडुक्कर असेल. तिनं बॅटरी मारली. फडाच्या कडेला गवा उभा होता. "घराएवढा," आई म्हणाली. "काळा, आन् पाय गुडघ्यापस्तोर पांढरे. मोजे घातल्यावानी."

ती लेकराच्या आणि गव्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हातात कोयता होता, पण त्यानं काय होणार होतं? गव्यानं तिच्याकडं पाहिलं. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. मग तो वळला आणि डोंगराकडं निघून गेला.

"भ्यालीस का?"

"भेणार न्हाई तर काय." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पर लई देखणं जनावर रं. तसं मी परत बघितलं न्हाई."

कांटच्या कुठल्याच अटीत हे बसत नाही. ती सुरक्षित नव्हती. ती निरपेक्षही नव्हती, तान्हं लेकरू पाठीमागं होतं. मन रमवायला वेळ नव्हता, गाडी भरायची होती. तरी तिनं पाहिलं, आणि काय पाहिलं ते इतक्या वर्षांनी तिला पांढऱ्या पायांपर्यंत आठवतं. आमच्याकडं वेळ होता, पैसे होते, जीप होती, गाइड होता, सुरक्षितता होती. आम्ही शेणाचे फोटो घेऊन आलो.

मी विचारलं, "हे आधी कधी सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय? तवा रोज काय ना काय व्हतंच."

म्हणजे तिच्याकडं नजर नव्हती, असं मला म्हणता येत नाही. नजर होती. नव्हती ती सवड. दिसलेल्या गोष्टीपाशी थांबायची, तिच्याबद्दल कुणाला सांगायची, ती सांगण्यासारखी आहे असं वाटायची सवड. राबणाऱ्या माणसाला सौंदर्य कळत नाही, हा समज सुखवस्तू माणसाच्या सोयीचा आहे. कळतच नसेल तर त्याला ते मिळालं नाही याचं वाईट वाटून घ्यायचं कारण उरत नाही.

*

हे सगळं मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मेडिकलवाल्या मित्राचा व्हॉइस मेसेज आला. त्याचं म्हणणं होतं, "आपण शिकलो, कमावलं, वर्षातून एकदा दोन दिवस फिरायला गेलो. आता त्याची पण लाज वाटून घ्यायची का? आपण नाही गेलो तर त्या बाईला सुटी मिळणार आहे का?"

त्याचं बरोबर आहे. लाजेनं कुणाचं भलं होत नाही. आई-आण्णांनी ऊस तोडला तो मी तलावापुढं मान खाली घालून उभं राहावं म्हणून नाही. आणि ट्रिपाच बंद करायच्या म्हटलं तर जंगल कुणी बघायचं? ज्यांच्याकडं आधीपासून गाड्या आणि बंगले आहेत त्यांनीच? पाटोद्याच्या पोरांनी दाजीपूर पाहिलं, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण त्याच्या बोलण्यातल्या एका गोष्टीशी मी अडलो. आपण कमावलं म्हणून आपल्याला दोन दिवस मिळाले, असं तो म्हणतो. पैसे आपण कमावले, मान्य. पण शनिवार-रविवार आपण कमावलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि १० जून १८९०ला रविवारची सुटी मान्य झाली. आमची टेम्पो ट्रॅव्हलर शुक्रवारी रात्री निघू शकली ती त्या भांडणाच्या जोरावर. फ्रान्समध्ये १९३६मध्ये कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. समुद्र तिथंच होता. रजा नव्हती. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीचं आणि सवडीचं आहे. अन्न, निवारा, मतदान यांच्या रांगेत ते बसवलंय. तेव्हा कुणीतरी विचार केला असणार, की नुसतं जगणं म्हणजे माणसाचं जगणं नव्हे.

तेव्हा प्रश्न 'फिरायला जावं का' असा नाहीच. दुसऱ्यांनी भांडून मिळवलेली सवड मी वापरतो, आणि मी जिथं ती वापरतो तिथंच, रस्त्याच्या कडेला, ती न मिळालेली माणसं भाकरी थापत बसलेली असतात. मग त्या माणसांशी माझं नातं काय? ती माझ्या फोटोतलं दृश्य आहेत का? माझ्या मते माझ्यावर त्यांचं देणं लागतं. हे पैशाचं देणं नाही. निदान एवढं, की त्यांच्याकडं बघायचं तर त्यांनाही माझ्याकडं बघू द्यावं. ड्रायव्हर मामांनी तेच केलं. गाव विचारलं. कॅमेऱ्याला पाठ करणारी माणसं मामांशी बोलली, कारण मामांनी आधी स्वतःला दिसू दिलं. आणि त्याहून मोठं देणं असं, की फाटकाबाहेरच्या माणसाला आठवड्याची सुटी का नाही, हा प्रश्न आपल्या वयाच्या, आपल्या भागातल्या, आता मत असलेल्या आणि मोबाइल असलेल्या पोरांनी सोडता कामा नये. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तोही आपोआप वाढला नाही, संघटनांनी संपाचा इशारा दिला, बैठका झाल्या, तेव्हा वाढला. पण बोलणी दराची होतात. सवडीची फारशी होत नाहीत.

आपल्याकडं बघितलं की हे जास्त कळतं. पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्यावर बाहेरच्या गाड्यांची रांग लागते. विंचरणा नदी दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं देऊळ, दृश्य बघण्यासारखं आहेच. लोक येतात, रील काढतात, वेफर्सची पाकिटं टाकतात, जातात. तालुक्यातल्या नायगावला १९९४पासून मोरांचं अभयारण्य आहे. पाहुण्याला मोर नाचताना हवा असतो. ज्याच्या पेरणीवर मोरांचा थवा उतरतो, त्या शेतकऱ्याकडं मोराबद्दल सांगण्यासारखं बरंच काही असतं, आणि त्यात कौतुकही असतं. पण त्याला कुणी विचारत नाही. आमच्या गावाचं 'लोकेशन' होतं तेव्हा आम्हाला ते बोचतं. दुसऱ्याच्या गावात आम्ही तेच करून आलो.

*

रील मित्रानं काढून टाकली. मी सांगितलं म्हणून नाही. माझा मेसेज वाचून त्यानं फोन केला, आणि दोघंही बराच वेळ दुसऱ्याच विषयावर बोललो. शेवटी तो म्हणाला, "तू तिथंच बोलला असतास तर बरं झालं असतं." माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या लहानपणाची मला लाज वाटत होती, हे खरं उत्तर होतं, आणि ते मी त्याला फोनवर सांगू शकलो नाही. इथं सांगतोय.

मग एक दिवस मी आईला विचारलं, "येतेस का राधानगरीला? तलाव बघू."

"नको रं बाबा. काय करू तिथं जाऊन?"

मी विषय सोडून दिला. दोन दिवसांनी चहा देताना तीच म्हणाली, "कारखाना बंद असंल तवा जाऊ."

मी कॅलेंडर काढून बसलो. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. ते उघडतं, तोवर हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि मग उन्हाळ्यापर्यंत तो डोंगर तिच्यासाठी पुन्हा फडामागचा डोंगर असतो. उरतात एप्रिल-मे. तेव्हा ऊन असतं, पण खालचे फड रिकामे असतात आणि तलावात थोडंफार पाणी असतं.

मेमधल्या तारखा मी ग्रुपवर टाकल्या आणि लिहिलं, या वेळी आपापल्या आईला आणायचं. रीलवाल्याचा होकार सगळ्यात आधी आला. आतापर्यंत सहा जणींचं नक्की झालंय. एकीचे गुडघे दुखतात, तिला पुढची सीट द्यायची आहे. दोघींनी अजून उत्तर दिलेलं नाही. नववी म्हणते, मी आले असते, पण तीन दिवस शेळ्या कोण बघणार? त्या शेळ्यांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.